मधुमेहींना विजेचा व्यायाम?

मधुमेह झाला की औषधांच्या जोडीने 'रोज चालत जा' हा सल्ला ठरलेलाच. पण ज्यांचे गुडघे झिजले आहेत, पक्षाघाताने एक बाजू लुळी पडली आहे किंवा कण्याच्या दुखापतीमुळे पायांतील बळच गेले आहे, त्यांनी चालायचे कसे? अशा रुग्णांच्या स्नायूंना विजेच्या सौम्य स्पंदनांनी व्यायाम घडविता येईल का, याचा शोध संशोधक अनेक वर्षांपासून घेत आहेत. 'इलेक्ट्रिकल मसल स्टिम्युलेशन' अर्थात 'ईएमएस' हे या पद्धतीचे नाव.

विजेने स्नायू आखडतो, हे काही नवे नाही. इटलीतील लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवर केलेले प्रयोग १७९१ मध्येच प्रसिद्ध झाले होते. नवे आहे ते साखरेचे गणित.

इन्सुलिनच्या प्रभावाखाली रक्तातून उचलल्या जाणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायूंकडे जातो. ती आत नेणारे 'ग्लुट-४' हे प्रथिन इन्सुलिनचा निरोप मिळताच पेशीच्या पृष्ठभागावर येते. टाइप-२ मधुमेहात हा निरोप नीट पोहोचत नाही. स्नायू आकुंचन पावला, की मात्र हेच प्रथिन इन्सुलिनवाचूनही वर येते. ते आकुंचन मेंदूच्या आज्ञेने झाले की त्वचेवरील पट्टीतून आलेल्या विजेने, याच्याशी पेशीला देणेघेणे नसते. शिवाय, संथ चालताना जे वेगवान स्नायुतंतू एरवी स्वस्थ बसतात, तेही विजेने कामाला लागतात. त्यांचे मुख्य इंधन म्हणजे साखर.

जपानमधील क्योतो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये निरोगी पुरुषांच्या पायांना २० मिनिटे अशी स्पंदने दिली. त्यांच्या शरीरातील साखरेचा वापर वाढला आणि स्पंदने थांबविल्यावरही किमान ९० मिनिटे तो वाढलेलाच राहिला. पुढे २०१२ मध्ये टाइप-२ मधुमेहींवरील एका छोट्या जपानी अभ्यासात, न्याहरीनंतर ३० मिनिटे ईएमएस दिल्यावर रक्तातील साखरेची उसळी कमी झाल्याचे आढळले. अर्थात, हे अभ्यास मोजक्या व्यक्तींवरचे आहेत. त्यांच्या आधारे औषध बंद करणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल.

चालण्याने हृदय व फुफ्फुसांना जो सराव मिळतो, तोही या यंत्रातून त्या प्रमाणात मिळत नाही. त्यामुळे चालू शकणाऱ्याने चालावे, हेच खरे. 'बसल्या जागी पोट सपाट' करणाऱ्या विजेच्या पट्ट्यांच्या जाहिराती अनेकांना आठवत असतील. अशा पट्ट्यांच्या विक्रेत्यांविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००२ मध्ये फसव्या दाव्यांबद्दल कारवाई केली होती.

पेसमेकर असलेल्यांनी हे यंत्र वापरू नये. गर्भवती स्त्रिया व अपस्माराच्या रुग्णांनीही दूर राहावे. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना पट्टीखालची त्वचा भाजली तरी कळत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर अचानक उतरू शकते. पहिल्याच दिवशी जोर वाढविल्यास स्नायुपेशी फुटून मूत्रपिंडांवर ताण येतो. लघवी चहासारखी गडद झाल्यास लगेच रुग्णालय गाठावे. दुखणे कमी करणारे 'टेन्स' यंत्र दिसायला असेच असते. पण ते स्नायू आकुंचित करण्यासाठी नसते. त्यामुळे खरेदीपूर्वी फिजिओथेरपिस्टला विचारावे आणि सुरुवातीचे काही दिवस यंत्र लावण्याआधी व नंतर ग्लुकोमीटरवर साखर तपासून नोंद ठेवावी.