मालाडचा बंगला

धंद्यांत नफा वाढवावयाचा म्हटलें कीं नवीं यंत्रें कोठून आणावीं हाच विचार प्रथम सुचतो. आपल्याच घरांत काय पडून आहे हें पाहण्याचें सहसा कोणास सुचत नाहीं. या दृष्टीनें बॉम्बे टॉकीज या कंपनीचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

सन १९३४ मध्यें ही कंपनी निघाली, तेव्हां मुंबई शहराची हद्द माहीम-शीव येथें संपत असे. मालाडास एफ्. ई. दिनशा यांचा उन्हाळी बंगला होता. उन्हाळ्यापुरत्या वस्तीची ती वास्तु बारमाही स्टुडिओ झाली. बोलपटास शांतता लागते, आणि ती तेथें आयतीच होती.

हिमांशु रॉय यांची खरी दृष्टि मात्र माणसांविषयींची. १९३६ सालीं ‘जीवन नैया’ या बोलपटांतील नायकाची जागा अकस्मात् रिकामी पडली. रॉय यांनीं बाहेरचा नट आणला नाहीं. प्रयोगशाळेंत काम करणारे अशोककुमार यांनाच उभें केलें. दिग्दर्शक फ्रांझ ऑस्टेन यांस ही निवड रुचली नव्हती, असें सांगतात. त्याच वर्षीं ‘अछूत कन्या’ आला, आणि निवड कोणाची बरोबर होती याचा निकाल प्रेक्षकांनीं दिला. १९३९ मध्यें महायुद्ध सुरू होतांच ऑस्टेनादि जर्मन मंडळी स्थानबद्ध झाली; तरी काम बंद पडलें नाहीं, कारण हाताखालीं तयार झालेलीं माणसें घरांतच होतीं.

१९४० सालीं रॉय वारले. पुढें देविकाराणींच्या कारकीर्दींत दोन तुकड्या आळीपाळीनें चित्रें काढूं लागल्या. स्टुडिओ रिकामा राहूं नये म्हणून ही योजना उत्तमच. परंतु एका घरांत दोन चुली झाल्या, हेंही खरें. १९४३ मध्यें ‘किस्मत’ लागला व कलकत्त्यास तीन वर्षांहून अधिक चालला. त्याच वर्षीं शशधर मुखर्जी, अशोककुमार आदि मंडळी बाहेर पडली आणि लोकलच्या एकाच स्थानकाच्या अंतरावर, गोरेगांवीं, त्यांनीं फिल्मिस्तान काढली. मालाडास भिंती व कॅमेरे राहिले. ज्यांनीं त्यांचें चीज केलें तीं माणसें गेलीं.

अशोककुमार पुढें परतले आणि १९४९ च्या ‘महल’नें कांहीं काळ हात दिला. अखेर कामगारांनींच सहकारी संस्था करून ‘बादबान’ काढला. तो १९५४ सालीं आला आणि शेवटचाच ठरला. त्या आवारांत पुढें लहानलहान कारखाने थाटले गेले. त्यास बॉम्बे टॉकीज कंपाऊंड हें नांव मात्र राहिलें.