माळ ओसाड आहे, असं सरकार म्हणालं

१७५५ साल. कोपनहेगनच्या राजवाड्यात एक निवृत्त कॅप्टन अर्ज घेऊन उभा आहे. अंगावर जुना गणवेश, खिशात तुटपुंजं पेन्शन. म्हणतो, यूटलंडचा माळ मी लागवडीखाली आणतो. खर्च माझा, पेन्शनमधून करीन. वस्ती उभी राहिली तर मला सरदारकी द्या, वाडा द्या, नोकरचाकर द्या. खजिन्याचे अधिकारी आधी त्याला हसतात. मग हिशेब करतात. हा माळ वसवायचं राजाच्या डोक्यात कधीचं बसलंय. आजवर कुणाला जमलं नाही, ह्यालाही जमणार नाही. पण परवानगी दिली तर राजा खूश आणि तिजोरीतून एक दमडी जात नाही. मारा शिक्का.

‘द प्रॉमिस्ड लँड’ ह्या २०२३ च्या डॅनिश सिनेमाची ही सुरुवात. दिग्दर्शक निकोलाय आर्सेल, कॅप्टन लुडविग काहलेनच्या भूमिकेत मॅड्स मिकेलसन. ह्या कामासाठी मिकेलसनला युरोपियन फिल्म अवॉर्ड मिळालं. मूळ डॅनिश नाव ‘बास्टार्डन’, म्हणजे अनौरस. काहलेन हा एका जमीनदाराला मोलकरणीपासून झालेला मुलगा, म्हणून ते नाव. इडा येसेन ह्या लेखिकेच्या कादंबरीवर सिनेमा बेतलाय. काहलेन नावाचा माणूस खरा होता आणि त्यानं माळावर वसवलेली कॉंगेन्सहूस, म्हणजे ‘राजाचं घर’, ही जागाही खरी आहे. बाकी बरंचसं कादंबरीकार आणि पटकथाकारांनी रचलेलं. त्याबद्दल तक्रार नाही, सिनेमा उत्तम आहे. पण सिनेमा बघताना एक शब्द माझ्या डोक्यात अडकून बसला, आणि आज लिहायचं आहे ते त्या शब्दाबद्दल. ओसाड.

यूटलंड म्हणजे डेन्मार्कचा जर्मनीला चिकटलेला मोठा द्वीपकल्प. त्याच्या मध्य आणि पश्चिम भागात त्या काळी मैलोन्‌मैल माळ पसरलेला होता. झाड नाही, आडोसा नाही. पश्चिमेकडून समुद्रावरचा वारा अखंड येतो. जमिनीवर हेदर नावाचं गुडघ्याएवढं काटक झुडूप. उन्हाळा संपता संपता त्याला जांभळी फुलं येतात तेव्हा माळ देखणा दिसतो, एरवी काळपट तपकिरी. खाली वाळू. वाळूच्या खाली एक-दोन हातांवर लोहाचा अंश असलेला, दगडासारखा घट्ट थर, ज्याला तिथले लोक ‘आल’ म्हणतात. मुळं तिथं अडतात, पाणी तिथं थबकतं. त्यात माती आंबट. शेतीच्या दृष्टीनं ह्यापेक्षा वाईट मुहूर्त सापडणं कठीण.

सिनेमात हा माळ निसर्गानंच रानटी घडवलाय असं वाटत राहतं. खरी गोष्ट वेगळी आहे. तिथं कधीकाळी जंगल होतं. हजारो वर्षांपूर्वी पहिल्या शेतकऱ्यांनी ते तोडलं, जाळलं, जमीन पिकवली. ती थकल्यावर मेंढरं चारली. पुन्हा झाडोरा उगवू पाहायचा तेव्हा पुन्हा जाळलं. म्हणजे काहलेन ज्याला माणसाचा हात न लागलेली जमीन समजून कुदळ मारतो, ती माणसानं चांगली वापरून टाकलेली जमीन होती.

आणि ती वापरात नव्हती असंही नाही. माळाच्या कडेनं गावं होती. त्यांची मेंढरं माळावर चरायची. हेदरच्या फुलांवर मधमाश्या बसायच्या, त्या मधाला मागणी होती. वाळलेली ढेपळं कापून चुलीत घालायची, हेदरनं छपरं शाकारायची, गुरांच्या खाली अंथरायची. मेंढीच्या लोकरीचे मोजे विणणं हा तर हेर्निंगच्या आसपास घरोघरचा धंदा. बाया विणायच्या तसे बाप्येही विणायचे, आणि फेरीवाले ते मोजे देशभर विकायचे. स्टेन स्टेन्सेन ब्लिखर हा डेन्मार्कचा थोर कथाकार व्हिबोर्गजवळच्या ह्याच मुलखातला. त्यानं १८२९ मध्ये एक गाजलेली गोष्ट लिहिली, तिचं नावच ‘मोजेविक्या’. शिवाय भटक्या जमातींचे लोक इथं तळ टाकून असत, कारण गावात त्यांना कुणी उभं करत नव्हतं.

मग माळ ओसाड कसा? तर तिथून सारा येत नव्हता म्हणून. महसुलाच्या बातम्या करणाऱ्या कुणालाही हा अर्थ सांगावा लागत नाही. दप्तरात ज्याच्यापुढे रक्कम नाही, ते पडीक.

सिनेमातला खरा झगडा इथं सुरू होतो आणि तो मातीशी नाही. शेजारच्या हाल्ड गढीचा मालक शिंकेल (सिमॉन बेनेब्येर्ग) म्हणतो, हा माळ माझा. काहलेन म्हणतो, राजाचा. हा शिंकेल स्वतःच्या आडनावामागं ‘द’ लावून घेतो, खानदानी वाटावं म्हणून, आणि समोरच्यानं तो ‘द’ उच्चारला नाही तर चवताळतो. दोघांचं दुखणं एकच आहे. एकाला पदवी मिळवायची आहे, दुसऱ्याला आपली पदवी कच्ची आहे ही भीती. मधल्यामध्ये भरडले जातात ते शिंकेलच्या जमिनीवरून पळून आलेले योहानेस आणि आन बार्बरा हे जोडपं. काहलेन त्यांना गुपचूप कामावर ठेवतो, कारण पळालेल्यांना मजुरी कमी द्यावी लागते. नायक असला तरी हिशेबाला पक्का! योहानेस पकडला जातो आणि पाहुण्यांच्या देखत, भर मेजवानीत, त्याच्या अंगावर उकळतं पाणी ओतलं जातं. तो प्रसंग मला पूर्ण बघवला नाही.

शिंकेलचं क्रौर्य सिनेमानं रंगवलेलं असेल, पण त्यामागचा कायदा रंगवलेला नाही. १७३३ साली डेन्मार्कमध्ये ‘स्टाउन्सबॉन्ड’ नावाचं बंधन आलं. ज्या जमीनदाराच्या हद्दीत जन्मलात ती सोडून जायचं नाही. सुरुवातीला ते १४ ते ३६ वयाच्या पुरुषांना लागू होतं. पुढं वाढत वाढत १७६४ मध्ये ४ ते ४० झालं. चार वर्षांचं पोर! कारणं दोन. शेतमालाचे भाव पडलेले, त्यामुळे गडी दुसरीकडे जायला लागले आणि जमीनदारांना स्वस्त मजूर टिकवायचे होते. शिवाय फौजेला माणसं लागत होती आणि कुणाला पाठवायचं हे जमीनदार ठरवायचा. तोंड वर करून बोलणाऱ्याला फौजेत धाडायची धमकी पुरेशी असे. हा कायदा १७८८ मध्ये रद्द झाला, तोही टप्प्याटप्प्यानं. कोपनहेगनमध्ये त्याच्या आठवणीचा स्तंभ आजही उभा आहे.

म्हणजे बघा, एकीकडे राजाला माळ वसवायला माणसं हवीत. दुसरीकडे देशातला तरुण शेतकरी जागचा हलू शकत नाही, कारण राजाच्याच कायद्यानं त्याला बांधून ठेवलंय. मग माणसं आणायची कुठून? परदेशातून.

सिनेमाच्या उत्तरार्धात जर्मन कुटुंबं गाड्या घेऊन येतात, तो भाग इतिहासाला धरून आहे. १७५९ पासून डॅनिश सरकारनं फ्रँकफर्टला बसून भरती केली. हेसेन, पॅलटिनेट ह्या भागांतले लोक सात वर्षांच्या युद्धानं पिचलेले होते. त्यांना सांगितलं गेलं: प्रवासखर्च देऊ, जमीन देऊ, गुरं-अवजारं देऊ, काही वर्षं कर माफ. हजारभर माणसं शेकडो मैल तुडवत यूटलंडात आली. जमीन मिळेल म्हणाले होते, ती मिळाली. कशी आहे ते कुणी सांगितलं नव्हतं. राय आणि ओट पेरून हात हलवत बसायची पाळी आली. थोडाफार टिकाव धरला तो बटाट्यानं. डेन्मार्कमध्ये बटाटा त्याआधी फ्रेडेरिसिया गावच्या फ्रेंच निर्वासितांनी आणला होता, पण माळावर तो रुजवला ह्या जर्मनांनी. म्हणून डॅनिश लोक त्यांना ‘बटाटे-जर्मन’ म्हणू लागले. सुरुवातीला त्या नावात कौतुक कमी आणि टोमणा जास्त होता. (आपण तरी ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांकडूनच उचलला. परक्यानं आणलेलं पीक आपलं होतं, आणणारा मात्र बराच काळ परका राहतो.)

आजूबाजूच्या गावांना हे पाहुणे आवडण्याचं कारण नव्हतं. ज्या माळावर मेंढरं चरत होती, तिथं आता सरकारी खुंट्या आल्या. आणि सरकारची कळकळ फार टिकली नाही. चार-पाच वर्षांत हिशेब बघून वरचे लोक कंटाळले, आळशी आणि कुचकामी ठरवून कित्येक कुटुंबांना वाटेला लावलं. कित्येक आपणहून निघाले. तेवढ्यात १७६३ मध्ये रशियाच्या कॅथरीन राणीनं परदेशी वसाहतवाल्यांना आमंत्रण दिलं. डेन्मार्कला कंटाळलेली बरीच कुटुंबं तिकडे, पार व्होल्गाकाठी गेली. थोडी मागं राहिली. त्यांची वंशावळ, त्यांची जर्मन आडनावं फ्रेडेरिक्स ह्या गावाच्या परिसरात अजून सापडतात. गावाला नाव राजाचं.

हा राजा म्हणजे पाचवा फ्रेडेरिक. सिनेमात तो पडद्यावर येण्याऐवजी त्याच्या दारूच्या गोष्टीच कानावर येतात, आणि इतिहासातही त्याची ती ख्याती होतीच. त्याचं नाव आणखी एका गावाला दिलं गेलं, आणि ते आपल्या देशात आहे. त्याच १७५५ साली डॅनिश कंपनीनं हुगळीकाठी ठाणं घातलं: फ्रेडेरिक्सनगर. म्हणजेच सेरामपूर. ईस्ट इंडिया कंपनी मिशनऱ्यांना आपल्या हद्दीत थारा देत नव्हती, म्हणून विल्यम केरी १८०० मध्ये ह्या डॅनिश गावात जाऊन राहिला. त्यानं मराठीचं व्याकरण लिहिलं आणि ते १८०५ मध्ये सेरामपूरच्या छापखान्यात देवनागरी अक्षरांत छापलं गेलं. मराठी मुद्रणाच्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी ते एक. माळावर बटाटे लावणाऱ्या काहलेनचा आणि आपल्या व्याकरणाचा संबंध एवढाच, की दोन्ही कागदांच्या वर डॅनिश राजसत्तेचा आसरा होता. पण मला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सिनेमाकडे परत येतो, कारण त्यातली सगळ्यात कठीण जागा अजून राहिली. काहलेनच्या घरात अनमाई मुस नावाची एक भटक्या जमातीची मुलगी राहते. सावळी, तोंडाळ, चोरटी, आणि मेलिना हागबर्ग ह्या लहान मुलीनं ती अशी केलीय की मिकेलसनसमोरही नजर तिच्यावरच राहते. माळ ‘वसायच्या’ आधी तिथं जे लोक होते, त्यांच्यातली ती आहे. जर्मन येतात आणि म्हणतात, ही काळी पोर अपशकुनी आहे, ही असेल तर आम्ही थांबणार नाही. थांबले नाहीत तर वस्ती नाही, वस्ती नाही तर सरदारकी नाही. काहलेन त्या मुलीला दूर पाठवतो.

नायकानं केलेली ही गोष्ट सिनेमा झाकत नाही, ह्याचं मला कौतुक आहे. जे जर्मन स्वतः हाकलले गेलेले, ज्यांना पुढं आळशी म्हणून हाकललं जाणार आहे, ते आल्या आल्या पहिली मागणी कसली करतात तर एका पोरीला हाकला. आन बार्बरा (अमांडा कॉलिन) हे कधी माफ करत नाही. पुढं काय होतं ते सांगत नाही, ज्यांना बघायचा आहे त्यांनी बघावा.

सिनेमा एका माणसाच्या जिद्दीची गोष्ट सांगतो, तो त्याचा हक्क आहे. पण माळ एका माणसानं जिंकला नाही, आणि त्या शतकात तर नाहीच. त्याला शंभरावर वर्षं लागली. १८६४ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रियाशी लढाई हरून डेन्मार्कनं श्लेस्विग-होल्श्टाइन गमावलं. दक्षिणेची सुपीक जमीन गेली, तेव्हा घरच्या माळाकडे लक्ष गेलं. १८६६ मध्ये एनरिको डालगास ह्या रस्ते बांधणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यानं इतरांसोबत हीथ सोसायटी काढली. वारा अडवायला झाडांच्या रांगा, ओढ्यांचं पाणी फिरवायला पाट, आणि आंबट मातीवर उतारा म्हणून चुना असलेली चिकणमाती. ती वाहून न्यायला पुढं चक्क छोट्या रेल्वे टाकल्या. स्टाउन्सबॉन्ड तेव्हा केव्हाच संपलं होतं. जमिनीची मालकी कसणाऱ्याच्या हातात आलेली होती. माझ्या मते चुन्याएवढाच ह्याचाही गुण आला, पण सिनेमा ह्यावर निघणार नाही, कारण कागदपत्रांवर घोडा दौडवता येत नाही.

आता तिथं उलटी गंगा वाहते आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये डेन्मार्कमध्ये मोठा करार झाला: खतांचं नत्र वाहून खाड्या मरतायत म्हणून शेतजमिनीचा मोठा हिस्सा लागवडीतून काढायचा आणि अडीच लाख हेक्टरवर नवं जंगल लावायचं. सरकार त्यासाठी पैसे मोजणार आहे. जुना माळ उरलाय तो तुकड्या-तुकड्यांत, आणि त्याला कायद्याचं संरक्षण आहे. कॉंगेन्सहूसला असाच एक मोठा तुकडा राखलाय. त्यात माळ कसणाऱ्या शेतकऱ्यांच्या स्मरणार्थ मोठमोठे दगड उभे केलेत, आणि भोवतीचा माळ मात्र कुणी कसायचा नाही. नुसता सोडून दिला तर तिथं झाडं उगवतील आणि माळ नाहीसा होईल. म्हणून यूटलंडात असे राखलेले माळ मुद्दाम जाळतात, आणि त्यांवर मेंढरं चारतात.