प्लॅनर स्पीकर आणि त्यांना पेलणारे अ‍ॅम्प्लिफायर

प्लॅनर स्पीकरमध्ये कागदी शंकू नसतो आणि बहुतेक वेळा मागे लाकडी खोकेही नसते. चौकटीत ताणून बसवलेला पातळ पडदा आपल्या सगळ्या पृष्ठभागाने हलतो आणि पुढे-मागे दोन्ही बाजूंना आवाज देतो. तो हलवण्याच्या तीन रीती आहेत. स्थिरविद्युत प्रकारात प्लॅस्टिकच्या फिल्मवर काही हजार व्होल्टचा दाब कायम ठेवलेला असतो आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या छिद्रांच्या पत्र्यांना संगीताचा संदेश दिला जातो. चुंबकीय प्रकारात फिल्मवर तारा किंवा धातूच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि समोर चुंबकांच्या रांगा असतात. रिबन प्रकारात अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी हीच वाहक असते आणि हीच पडदा. अ‍ॅम्प्लिफायरच्या दृष्टीने मात्र ही तीन अगदी वेगळी ओझी आहेत. पहिले कपॅसिटरसारखे, दुसरे जवळजवळ शुद्ध रोधासारखे आणि तिसरे कधीकधी शॉर्ट सर्किटच्या उंबरठ्यावरचे. म्हणूनच या स्पीकरांचा इतिहास अ‍ॅम्प्लिफायरच्या इतिहासापासून सुटा काढता येत नाही.

या कल्पनेचा उगम जुना आहे. जनरल इलेक्ट्रिकमधील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये शंकूच्या स्पीकरची जी रचना मांडली, तीच पुढे जगभर रूढ झाली. याच केलॉग यांनी स्थिरविद्युत स्पीकरचे पेटंटही मागितले आणि १९३४ मध्ये ते मिळवले. पण पुरेसा पातळ, टिकाऊ आणि विजेला दाद न देणारा पडदा त्या काळी उपलब्ध नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकच्या फिल्म आल्या आणि हा विषय पुन्हा उघडला. अमेरिकेत हार्वर्डचे फ्रेडरिक हंट यांनी १९५४ च्या आपल्या ग्रंथात त्याचा सैद्धांतिक पाया घातला. त्यांच्याबरोबर काम केलेल्या आर्थर जॅन्झेन यांनी उंच स्वरांसाठी स्थिरविद्युत ट्विटर बाजारात आणले.

इंग्लंडमध्ये हंटिंग्डन गावच्या पीटर वॉकर यांनी पूर्ण पल्ल्याचा स्पीकर करायचे ठरवले. या कामात त्यांच्यासोबत होते डी. टी. एन. विल्यमसन, १९४७ च्या प्रसिद्ध व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचे जनक. वॉकर यांनी १९५५ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात लेखमाला लिहून सिद्धांत मांडला आणि १९५७ मध्ये क्वाड कंपनीचा स्थिरविद्युत स्पीकर विक्रीला आला. तो १९८५ पर्यंत बनत राहिला. या स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा एकूण विरोध, खालच्या स्वरांत बराच मोठा असतो, पण कंप्रता वाढत जाते तसा घसरतो आणि ऐकण्याच्या पल्ल्याच्या वरच्या टोकाला दोन ओहमच्याही खाली उतरतो. शिवाय तो भार कपॅसिटरचा असल्याने करंट आणि व्होल्टेज एकाच वेळी शिखर गाठत नाहीत. वॉकर यांचा स्वतःचा क्वाड टू हा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर १५ वॉटचा होता आणि स्पीकरची जोडणी त्याच्याशीच जुळवून केलेली होती. तेवढी ताकद पुरत असे. जास्त दिली तर बिघाड होई, कारण ३३ व्होल्टच्या शिखराच्या पलीकडे उंच स्वरांच्या पटलात ठिणगी पडून फिल्मला भोक पडण्याचा धोका असे. पुढे १०० वॉटचा क्वाड ४०५ आला, तेव्हा जुन्या स्पीकरसाठी त्यात मर्यादा घालणारा भाग बसवावा लागला. ट्रान्झिस्टरच्या पहिल्या पिढीतील कित्येक अ‍ॅम्प्लिफायर तर कपॅसिटरचा भार लागताच अस्थिर होत, म्हणजे स्वतःच कंप पावू लागत. प्रयोगशाळेत ८ ओहमच्या रोधावर मोजलेला वॉटचा आकडा या बाबतीत काहीच सांगत नाही, हे त्या काळात अनेकांना किंमत मोजून कळले.

पडद्याची दुसरी अडचण खर्जात आहे. मागून निघणारी लहर पुढच्या लहरीला वळसा घालून भेटते आणि तिला खोडते. पडदा जितका अरुंद, तितके हे खोडणे वरच्या स्वरांपासून सुरू होते आणि तिथून खाली दर सप्तकाला सुमारे सहा डेसिबलची घट होते. ती भरून काढायची तर पडदा अधिक हलायला हवा, आणि पत्र्यांमधली किंवा चुंबकांसमोरची फट काही मिलिमीटरचीच असते. म्हणून पन्नाशीच्या दशकातच शौकिनांनी जॅन्झेनच्या ट्विटरखाली शंकूचा वूफर लावायला सुरुवात केली होती. काम असे वाटले की पुढचा प्रश्न येतोच: एकाच अ‍ॅम्प्लिफायरने दोन्ही ओझी का वाहावीत?

स्पीकरच्या आत असणारा नेहमीचा क्रॉसओव्हर मोठ्या कॉइल आणि कपॅसिटरचा असतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या पुढे बसून तो वाढवलेल्या संदेशाची विभागणी करतो. ॲक्टिव्ह क्रॉसओव्हर अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी बसतो. संदेश अजून एखाद-दोन व्होल्टचा असतानाच तो त्याचे खर्ज आणि उंच असे भाग करतो आणि प्रत्येक भागाला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर मिळतो. मरांट्झसारख्या कंपन्या पन्नाशीच्या उत्तरार्धातच असे क्रॉसओव्हर विकत होत्या. त्याचा फायदा साध्या हिशेबाने दिसतो. ८ ओहमवर १०० वॉट देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचे व्होल्टेज ४० व्होल्टपर्यंत चढते. अशा दोन अ‍ॅम्प्लिफायरना दोन वेगळे स्वर वाटून दिले तर प्रत्येकाला आपले पूर्ण ४० व्होल्ट मिळतात. तेच दोन स्वर एकाच अ‍ॅम्प्लिफायरमधून काढायचे तर शिखरे एकत्र येतात तेव्हा ८० व्होल्ट लागतात, म्हणजे ४०० वॉटचे यंत्र. शिवाय ढोलाच्या ठोक्याने खर्जाचा अ‍ॅम्प्लिफायर अपुरा पडून लहरीची शिखरे छाटली गेली तरी त्यातून उठणारे कर्कश उपस्वर नाजूक रिबनपर्यंत पोचत नाहीत. स्पीकरमधला जुना क्रॉसओव्हर तसाच ठेवून त्याला दोन अ‍ॅम्प्लिफायर जोडण्याची रीतही पुढे पसरली. तिचा डौल मोठा, पण मिळकत थोडी. दोन्ही यंत्रे संपूर्ण संदेशच वाढवत राहतात, त्यामुळे व्होल्टेजची बचत होत नाही.

प्लॅनर स्पीकर सर्वसामान्य शौकिनाच्या दिवाणखान्यात पोचवला तो अमेरिकेतील मिनेसोटाच्या जिम विनी यांनी. ते थ्रीएम कंपनीत अभियंता होते. स्थिरविद्युत स्पीकरचा आवाज त्यांना आवडे, पण उच्च व्होल्टेज नको होते. लवचीक चुंबकाच्या पट्ट्या हाताशी होत्याच. त्यातून मॅग्नेप्लॅनर स्पीकर घडला आणि १९६९ मध्ये मॅग्नेपॅन कंपनी उभी राहिली. तिचा टिंपनी हा सुरुवातीचा स्पीकर प्रत्येक बाजूला तीन फळ्यांचा, कपडे बदलण्याच्या घडीच्या आडपडद्यासारखा उभा राही. सत्तरीच्या आरंभी त्याची विक्री मिनियापोलिसची ऑडिओ रिसर्च कंपनी पाहत असे आणि व्हॉल्व्हचे मोठे अ‍ॅम्प्लिफायर व इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हर तीच बनवत असे. स्पीकर, क्रॉसओव्हर आणि अ‍ॅम्प्लिफायर अशी सगळी सांगड एकाच शहराच्या आसपास जमली, हा योगायोग या इतिहासात फार मोलाचा ठरला.

मॅग्नेप्लॅनरचा भार सरळ असतो, साधारण ४ ओहमचा आणि जवळजवळ शुद्ध रोध. त्यामुळे तिथे अस्थिरतेची भीती नाही, पण भूक मोठी. कंपनी आपल्या अनेक स्पीकरांची संवेदनशीलता २.८३ व्होल्टला ८६ डेसिबल अशी देते. ८ ओहमवर २.८३ व्होल्ट म्हणजे एक वॉट, पण ४ ओहमवर दोन. म्हणजे खरे पाहता एका वॉटला ८३ डेसिबलच. हा बारकावा न पाहता केलेली निवड हमखास अपुरी पडते. एल्कहार्टच्या क्राउन कंपनीचा डीसी ३०० (१९६७) आणि बॉब कार्व्हर यांचा दर बाजूला ३५० वॉट देणारा फेज लिनियर ७०० हे अ‍ॅम्प्लिफायर याच भुकेच्या काळात आले. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीत आणखी एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. त्याचा स्वतःचा आउटपुट रोध जास्त असतो. सपाट ४ ओहमच्या पटलावर त्यामुळे फक्त आवाजाची पातळी सगळीकडे सारखी उतरते. स्थिरविद्युत पटलावर मात्र भार घसरत जातो तसे वरचे स्वरच बोथट होतात. एकच अ‍ॅम्प्लिफायर एका घरी गोड आणि दुसऱ्या घरी मंद का वाजतो, याचे उत्तर बरेचदा एवढेच असते.

सत्तरीत श्रीमंती प्रयोगांना ऊत आला. कॅलिफोर्नियातील इन्फिनिटी कंपनीच्या सर्वो-स्टॅटिक स्पीकरमध्ये स्थिरविद्युत पटलांना १८ इंची वूफरची जोड होती. वूफरच्या हालचालीवर सर्वो नियंत्रण असे आणि त्यासाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागे. मार्क लेव्हिन्सन यांची एचक्यूडी मांडणी त्याहून भव्य होती. दर बाजूला हार्टलीचा २४ इंची वूफर, एकावर एक ठेवलेले दोन क्वाड, वरच्या स्वरांसाठी डेक्काचे रिबन, इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हर आणि एकूण सहा एमएल-२ अ‍ॅम्प्लिफायर. यातला प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर ८ ओहमवर फक्त २५ वॉटचा, पण ४ ओहमवर ५० आणि २ ओहमवर १०० देणारा. आकडा छोटा आणि करंट मुबलक, हे प्लॅनर स्पीकरसाठी अ‍ॅम्प्लिफायर पारखण्याचे सूत्र इथे कोरून ठेवल्यासारखे दिसते. याच्या अगदी उलट वाट फ्लोरिडाच्या अकूस्टॅट कंपनीने आणि हॅरल्ड बेव्हरिज यांनी धरली. त्यांनी स्पीकरमधला व्होल्टेज चढवणारा ट्रान्सफॉर्मरच काढला आणि उच्च व्होल्टेजचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर थेट पटलाला जोडून स्पीकरच्या पोटात बसवला. निवडीचा प्रश्नच उरला नाही. तांत्रिक दृष्ट्या ही सर्वांत देखणी उकल होती. पण आपल्या पसंतीचा अ‍ॅम्प्लिफायर लावण्याची हौस ज्यांना असते, त्यांना ती रुचली नाही.

क्रॉसओव्हरच्या गणितातला मोठा बदल १९७६ चा. ह्यूलेट-पॅकार्डचे अभियंते सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांच्या कामातून, शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन स्पीकर-घटकांचे आवाज संधीच्या कंप्रतेवर, म्हणजे जिथे एकाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होते तिथे, नीट जुळवणारी रचना पुढे आली. तिच्यात प्रत्येक बाजूचा आवाज संधीवर सहा डेसिबलने उतरतो आणि दोन्हींच्या कला (फेज) जुळून बेरीज सपाट होते. दर सप्तकाला २४ डेसिबलचा तिचा उतार ॲक्टिव्ह क्रॉसओव्हरमध्ये सहज साधतो. कॉइलने तो साधायचा तर खर्च आणि गळती दोन्ही वाढतात. नाजूक पटलाला खालच्या स्वरांपासून वाचवणारा हा तीव्र उतार प्लॅनर स्पीकरना विशेष मानवला.

ऐंशीच्या दशकात मॅसॅच्युसेट्समधील अपोजी कंपनीने पूर्ण पल्ल्याचे रिबन स्पीकर काढले. त्यांतल्या सिंटिलाचा इम्पीडन्स एक ओहमच्या आसपास होता. ८ ओहमवर १०० वॉटसाठी साडेतीन अँपिअर पुरतात, १ ओहमवर १० लागतात आणि शिखरांना १४. एरवी नावाजलेले अ‍ॅम्प्लिफायर या भारापुढे मान टाकत. डॅन डॅगोस्टिनो यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या क्रेल कंपनीचे क्लास ए अ‍ॅम्प्लिफायर इथे प्रसिद्धीला आले, कारण भार निम्मा झाला की त्यांची ताकद दुप्पट होई. अपोजीने पुढे आपल्या स्पीकरसाठी डॅक्स नावाचा ॲक्टिव्ह क्रॉसओव्हरही दिला.

या सगळ्यातून निवडीची काही पक्की परिमाणे तयार झाली. संगीतातील ऊर्जेची साधारण समान वाटणी २५० ते ३५० हर्ट्झच्या दरम्यान होते असे धरतात. संधी त्याच्या खाली असेल तर वरच्या अ‍ॅम्प्लिफायरलाच अधिक काम पडते. ‘ट्विटरला छोटा चालेल’ हा सल्ला म्हणूनच प्लॅनरच्या बाबतीत फसवा आहे. दोन अ‍ॅम्प्लिफायरची वाढ वेगळी असेल, एकाची २६ आणि दुसऱ्याची ३२ डेसिबल, तर तो सहा डेसिबलचा फरक क्रॉसओव्हरवर कापावा लागतो. अ‍ॅम्प्लिफायर आणि रिबन यांच्यामध्ये ॲक्टिव्ह जोडणीत क्रॉसओव्हर नसल्याने अ‍ॅम्प्लिफायरची सूक्ष्म खरखर थेट कानावर येते. हॉर्न स्पीकरच्या मानाने प्लॅनर स्पीकर कमी संवेदनशील असल्यामुळे ती कमी जाणवते, हा या उणिवेचा एकमेव फायदा. चालू-बंद करतानाचा धक्का किंवा डीसी गळती मात्र रिबन जाळू शकते. त्यामुळे ॲक्टिव्ह जोडणीतही रिबनच्या आधी एक मोठा कपॅसिटर ठेवण्याची पद्धत रुजली. शुद्धतावादी त्यावर नाक मुरडतात, पण तो काढल्याची किंमत नव्या रिबनइतकी असते.

नव्या सहस्रकात क्रॉसओव्हर डिजिटल झाला. बेहरिंगर आणि मिनीडीएसपीसारख्या कंपन्यांनी एकेकाळी प्रयोगशाळेत असणारी सोय थोड्या पैशांत दिली. उतार, संधी आणि पातळी बदलायला आता नुसते आकडे बदलावे लागतात. सगळ्यांत उपयोगी सुविधा विलंबाची. वूफर पटलापेक्षा एक मीटर मागे असेल तर त्याचा आवाज सुमारे २.९ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि तेवढा विलंब पटलाला देता येतो. पटलाची खर्जातली घटही इथेच भरून काढता येते, फक्त त्यासाठी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तेवढे जादा व्होल्टेज शिल्लक हवे. क्लास डी अ‍ॅम्प्लिफायरने चार-सहा वाहिन्यांची उष्णता आणि वजन आवाक्यात आणले. सुरुवातीच्या क्लास डी यंत्रांचा वरच्या स्वरांचा प्रतिसाद मात्र आउटपुटच्या फिल्टरमुळे भारानुसार बदलत असे, आणि स्थिरविद्युत पटल हा त्यासाठी सर्वांत वाईट भार. ब्रूनो पुत्झेयस यांनी फिलिप्समध्ये केलेल्या रचनेत फीडबॅक फिल्टरच्या पलीकडून घेतला गेला आणि हा दोष बराच मिटला. याच काळात मॅग्नेपॅनचा एमजी १.७ आला. त्यात सिरीज जोडणीचा क्रॉसओव्हर आणि तारा जोडायला एकच जोडी टर्मिनल आहे. त्यामुळे त्याला अनेक अ‍ॅम्प्लिफायरनी चालवायचे तर आतला क्रॉसओव्हर काढून पटलांच्या तारा स्वतंत्रपणे बाहेर आणाव्या लागतात.