भाताची सुकवण: कणगीत शिरण्याआधीचे शास्त्र

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरील आसनगाव स्थानकाभोवतीचा शहापूर तालुका आणि त्याच्या दक्षिणेचा मुरबाड हा प्रामुख्याने खरीप भाताचा पट्टा आहे. येथील हळवे व निमगरवे वाण ऑक्टोबरच्या सुमारास कापणीला येतात आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस रेंगाळलेला असतो. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर 'क्यार' चक्रीवादळाच्या काळातील अवकाळी पावसाने ठाणे जिल्ह्यासह कोकणात कापलेले भात शेतातच भिजले. वर्षभराचे धान्य हाती लागणार की नाही, हे अशा वेळी सुकवणीवर ठरते.

दाण्याचा श्वास

कापल्यानंतरही दाणा जिवंत असतो. तो प्राणवायू घेतो आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर टाकतो. दाण्यात ओलावा जितका अधिक, तितका हा श्वास जोरात चालतो. ओले भात ढिगात राहिले की ते तापते, त्यावर बुरशी धरते, तांदूळ पिवळा पडतो आणि बियाण्याची उगवणशक्ती जाते.

कापणीच्या वेळी भातात साधारणतः २० ते २४ टक्के ओलावा असतो. काही महिने साठवण्यासाठी तो १४ टक्क्यांवर, तर बियाण्यासाठी १२ ते १३ टक्क्यांवर आणावा लागतो. २० टक्के ओलाव्याचे १०० किलो भात १४ टक्क्यांपर्यंत सुकवले की सुमारे ९३ किलो भरते. हे सात किलो पाणी वजनात विकण्याचा मोह शेतकऱ्याला होतो. पण घरी साठवायच्या भातात तेच पाणी घातक ठरते.

ऊन, खळे आणि कणी

उन्हात सुकवताना भाताचा थर दोन ते चार सेंटिमीटरचा असावा आणि दर अर्ध्या तासाने तो हलवावा. फार पातळ थर कडक उन्हात झपाट्याने सुकतो; वाळलेला दाणा रात्रीच्या दवाने पुन्हा भिजला तर त्याला आतून तडा जातो. अशा भाताची गिरणीत कणी अधिक पडते. म्हणून सायंकाळी भात गोळा करून झाकून ठेवणे आवश्यक असते. यंत्राने सुकवायचे असल्यास बियाण्याच्या भाताला ४३ अंश सेल्सियसहून अधिक तापमान देऊ नये.

कणगी आणि कोठी

बांबूची विणलेली, शेणमातीने सारवलेली कणगी ही या भागाची पारंपरिक साठवण. तिचा आकार मर्यादित असल्याने आतली उष्णता साचून राहत नाही. मोठ्या धातूच्या कोठीत मात्र दिवस-रात्रीच्या तापमानातील फरकाने आतील हवा फिरते, तिच्यातील बाष्प वरच्या गार थरात जमते आणि तेथे धान्याचा गोळा होतो. यावर उपाय म्हणून कोठीच्या छिद्रयुक्त तळातून पंख्याने हवा खेळवतात.

मात्र हवा खेळवणे म्हणजे सुकवणे नव्हे. खेळत्या हवेचे काम धान्याचे तापमान सर्वत्र सारखे व थंड ठेवणे एवढेच आहे. सुकवण्यासाठी त्याच्या सुमारे दहापट हवा लागते. शिवाय हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर भाताचा ओलावा १४ टक्क्यांच्या फारसा खाली जात नाही. पावसाळी दिवशी पंखा चालवला तर कोरडे धान्यच ओलावते.

मराठवाडा-विदर्भातील सोयाबीनलाही हाच नियम लागू आहे. परंतु तेलाचे प्रमाण अधिक असल्याने ते १२ टक्क्यांखाली आणावे लागते. अतिसुकवणीने त्याचे टरफल तडकते.

खरेदीची अट

आदिवासी भागात राज्य सहकारी आदिवासी विकास महामंडळ आधारभूत किमतीने भात खरेदी करते. शासकीय खरेदीत भातासाठी ओलाव्याची कमाल मर्यादा १७ टक्के आहे. सोयाबीनसाठी ती १२ टक्के असून, २०२४ च्या खरिपात केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. भातासाठीची १७ टक्के ही विक्रीची मर्यादा आहे, साठवणीची नव्हे, हा फरक लक्षात घ्यायला हवा.

दाताखाली धरलेला दाणा कट्कन तुटला की भात वाळले, ही जुन्यांची परीक्षा. आता ओलावामापक यंत्र तेच अधिक नेमकेपणाने सांगते. कणगी असो वा कोठी, ती धान्य सुकवत नाही. आत जे भरले जाते, तेवढेच ती राखते.