पन्नास बायकांची अट

सिन्नरला मी राहत्या घरात पाळणाघर चालवते. मूल ठेवायला येणारे आईबाप आधी विचारतात, “ताई, लायसन आहे ना?” आहे, शॉप ॲक्टचं. 2017च्या राज्याच्या कायद्यानुसार कामगार थोडे असले, तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची की पावती मिळते. त्या अर्जात माझं नाव, पत्ता, धंदा विचारला. मुलं किती, कोणत्या वयाची, त्यांना झोपवता कुठे, हे कुणी विचारलं नाही. याचं कारण जुन्या कायद्यांत आहे. सरकारने पाळणा नेहमी कारखान्याच्या हजेरीपटावरून मोजला.

मुंबईच्या गिरण्यांत बायका सूत गुंडाळायच्या, तेव्हा तान्ह्याला अफूची बाळगोळी देऊन झोपवण्याची चाल होती. 1920 नंतरच्या चौकशांत ती नोंदली गेली. 1934च्या फॅक्टरी ॲक्टने पन्नासपेक्षा जास्त बायका असलेल्या कारखान्यांना मुलांची खोली ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतांना दिला. 1948च्या कायद्यात, कलम 48 मध्ये, ती सक्तीची झाली: सहा वर्षांखालच्या मुलांसाठी उजेडाची, हवेशीर जागा, सांभाळायला शिकलेली बाई, आणि आईला अंगावर पाजायला मधे सुटी. कलम चांगलंच होतं. 1976 मध्ये पन्नासाचा आकडा तीसवर आला.

पण सिन्नर हे विड्यांचं गाव. 1966च्या विडी कामगारांच्या कायद्यातही पाळणाघर आलं, तेही पन्नास बायकांच्या अटीसकट. माझ्या सासूबाई ठेकेदाराकडून पानं-तंबाखू आणायच्या आणि ओट्यावर बसून विड्या वळायच्या. गल्लीत घरोघरी हेच. एका ओट्यावर पन्नास बायका कुठून येणार? मूल सुपाशेजारी, तंबाखूच्या धुळीत. माझ्या नवऱ्याचं बालपण तसंच गेलं.

मुलाकडे वेगळ्या वाटेने गेल्या त्या ताराबाई मोडक. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना मिळाल्या. आदिवासी मुलं बालवाडीपर्यंत येईनात, म्हणून त्यांनी बालवाडीच पाड्यावर, अंगणात नेली. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बाल विकास योजना देशात 33 प्रकल्पांनी सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. मात्र अंगणवाडी थोडे तास भरते आणि आईची पाळी आठ तासांची असते. मधल्या वेळात मूल कुठे? 2022 मध्ये केंद्राने ‘पालना’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं ठरवलं, ते यासाठीच.

आज माझ्याकडे एमआयडीसीतल्या बायकांची, नर्सची, झेडपीच्या शिक्षिकांची मुलं येतात. 2017च्या मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीने पन्नास कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती केली, त्यात पुरुषही मोजले, ही सुधारणाच. पण छोट्या दवाखान्यातली नर्स त्या पन्नासात बसत नाही. तिच्यासाठी माझ्यासारखीचं घर.

2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरातल्या मारहाणीचं चित्रण बाहेर आलं, तेव्हा कॅमेऱ्यांची चर्चा फार झाली. मी वहीवर भर देते: मूल कुणी आणलं, कोण नेणार, काय खाल्लं, ताप किती, औषध कुणाच्या सांगण्यावरून दिलं. लसीचं कार्ड पाहिल्याशिवाय मूल घेत नाही. हे मला कुठल्या कायद्याने शिकवलं नाही.

माझी मागणी साधी आहे. बायकांची संख्या मोजणं पुरे झालं, आता मुलं मोजा. पैसे घेऊन दुसऱ्याची तीन मुलं जरी कुणी सांभाळत असेल, तरी त्या घराची नोंद नगरपरिषदेत व्हावी आणि जाणत्या बाईने येऊन ते घर पाहावं. ती आधी माझ्याच दारी आली तरी चालेल.