दीडशे रुपयांची मुलूखमैदान

सभा गाजवणाऱ्या वक्त्याला आपण 'मुलूखमैदान तोफ' म्हणतो. पण ती तोफ विजापूरची नव्हे, आपल्या अहमदनगरची (२०२४ पासून अहिल्यानगर), हे खुद्द नगरकरांनाही फारसे ठाऊक नसते. मूळ नाव मलिक-ए-मैदान, म्हणजे रणमैदानाचा राजा. मराठी जिभेने मलिकचा मुलूख करून टाकला. हिजरी ९५६, म्हणजे इ. स. १५४९ मध्ये, बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत महंमद बिन हुसैन रूमी या उस्तादाने ती ओतली. कारागिराचे नाव तोफेवरच कोरलेले आहे, ही त्या काळाची कदरदानीच म्हणायची. वजन सुमारे ५५ टन.

धातू कोणता, असे वर्गात विचारले की मुले 'पीतल' म्हणून मोकळी होतात. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ही तोफ काशाची आहे : सुमारे चार भाग तांबे, एक भाग कथील. म्हणून तर ठोकली की घंटेसारखी वाजते. दोन्ही धातू कितीही वेळा वितळवा, पुन्हा कामाला येतात. त्यामुळे तोफेचा दारूगोळा संपला तरी तिला गिऱ्हाईक उरतेच.

ही तोफ परंड्याहून १६३२ मध्ये विजापूरला गेली. १८४८ मध्ये सातारा खालसा झाले आणि विजापूरचा कारभार साताऱ्याच्या कमिशनरकडे आला. १८५४ मध्ये त्याने तिथला निरुपयोगी सरकारी माल विकून टाकण्याचा हुकूम काढला. त्या मालात मलिक-ए-मैदानही होती! लिलावात सर्वांत मोठी बोली लागली दीडशे रुपयांची. टनाला तीन रुपयेही नाहीत. किंमत फारच थोडी, शिवाय लोकांची तोफेवर श्रद्धा, हे पाहून तिथल्या असिस्टंट कमिशनरने विक्री थांबवली. नाहीतर रूमी उस्तादाच्या कारागिरीची भांडीकुंडी झाली असती.

नगरचा धातूशी संबंध मात्र सुटला नाही. १९४८ मध्ये रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र इथे आले. खारे कर्जुने परिसरातल्या के. के. रेंजवर गोळाफेक चालते. सराव संपला की बंदी मोडून काही गरीब माणसे आत शिरतात, पितळी पुंगळ्या आणि गोळ्यांचे तुकडे वेचतात आणि भंगारवाल्याला विकतात. माल लष्कराचा, पण पोट यांचे. भंगाराचा धंदा आपल्या मोहल्ल्यांतही आहे, त्यामुळे हे आम्ही परक्याचे म्हणून सांगत नाही. लोखंडापेक्षा पितळेला भाव चांगला, म्हणून नजर आधी पितळेवर जाते. रिकामी पुंगळी निरुपद्रवी. न फुटलेला गोळा मात्र धातू सोडवताना हातोडीच्या घावाने फुटतो. त्यात माणसे दगावली आहेत. अशी बातमी आली की आम्ही ती वर्गात वाचून दाखवतो. मुले गप्प होतात, मग कुणीतरी विचारतेच : सर, पितळेचा भाव काय चाललाय?