पेटी कुणाची, सूर कुणाचा? सिंगापूरच्या साउंड कार्डपासून हॉलमधल्या स्टुडिओपर्यंत

"घरी गाणं रेकॉर्ड करायचंय. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? माईक कोणता?" हा प्रश्न आम्हाला वरचेवर विचारला जातो. आम्ही इतिहासाची माणसं, दुकानदार नाही, त्यामुळे आमचं उत्तर जरा लांबतं. पण ते सिंगापुरातूनच सुरू होतं, म्हणून इथे राहणाऱ्यांनी तरी ऐकून घ्यावं.

आधी माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आत्या ठाण्याहून महिनाभर राहायला आली होती. एका दुपारी आमच्या एचडीबी फ्लॅटच्या हॉलमध्ये, पंखा बंद करून, तिने दोन अभंग गायले. मी ते लॅपटॉपवर घेतले, 'नंतर सावकाश मिक्स करू' म्हटलं आणि प्रोजेक्ट सेव्ह करून ठेवला. पुढे त्या सॉफ्टवेअरच्या कंपनीने ते उत्पादन बंद केलं, माझा लॅपटॉप बदलला, आणि नव्या मशिनवर परवाना चालेना. आवाजाची साधी फाइल मी वेगळी काढलीच नव्हती. फाइल आजही माझ्याकडे आहे, पण ती उघडत नाही. कुलूप माझं, किल्ली दुसऱ्याची, अशी ही गत. म्हणून 'कोणतं सॉफ्टवेअर?' या प्रश्नाच्या आधी मला दुसरा प्रश्न दिसतो: ही पेटी नक्की कुणाची?

आता थोडं मागे जाऊ. १९८१ साली सिम वाँग हू नावाच्या तरुणाने सिंगापूरच्या चायनाटाउनमधल्या पर्ल्स सेंटरमध्ये एका मित्राबरोबर कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान थाटलं. नाव क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी. सिम हार्मोनिका आणि अकॉर्डियन वाजवायचे. त्यांना मुका कॉम्प्युटर मान्य नव्हता. तो बोलला पाहिजे, वाजला पाहिजे. १९८६ मध्ये त्यांनी चिनी भाषा हाताळणारा, रंगीत चित्रं आणि आवाज असलेला 'क्युबिक सीटी' बाजारात आणला. तो काही चालला नाही. मग त्यांनी अख्खा कॉम्प्युटर विकायचा नाद सोडला आणि त्यातला आवाजच तेवढा वेगळा काढून कार्डावर बसवला.

१९८९ मध्ये आलं 'साउंड ब्लास्टर'. तेव्हा बाजारात कॅनडातल्या क्यूबेकच्या 'ॲडलिब' कंपनीच्या कार्डाचा बोलबाला होता. साउंड ब्लास्टरमध्ये ॲडलिबमधलीच यामाहाची चिप होती, म्हणजे ॲडलिबसाठी लिहिलेले सगळे गेम त्यावर वाजायचे. पण सिम यांनी त्यात आणखी दोन गोष्टी घातल्या: खरा ध्वनी आकड्यांच्या रूपात साठवायची आणि वाजवायची सोय, आणि माईकसाठी एक भोक. या दुसऱ्या गोष्टीवर मला जरा रेंगाळायचंय. ॲडलिब फक्त वाजायचं. साउंड ब्लास्टर ऐकायचंसुद्धा. आठ बिटांचा तो आवाज टेलिफोनसारखा खरखरीत असायचा, पण घरातल्या साध्या कॉम्प्युटरने घरातल्या माणसाचं गाणं ऐकून घेणं आता परवडण्याजोगं झालं. पैसे मोजले गेम खेळणाऱ्या पोरांनी, स्टुडिओ मिळाला गाणाऱ्यांना. १९९२ मध्ये क्रिएटिव्ह अमेरिकेच्या नॅसडॅकवर नोंदली गेली. असं करणारी ती सिंगापूरची पहिली कंपनी. त्याच वर्षी सीडीच्या दर्जाचं सोळा बिटांचं कार्डही आलं.

१९९४ च्या 'एडब्ल्यूई ३२' कार्डाने आपल्यासारख्यांसाठी आणखी एक दार उघडलं. क्रिएटिव्हने आदल्या वर्षी कॅलिफोर्नियाची ई-म्यू ही सँपलर बनवणारी कंपनी विकत घेतली होती. तिचं ज्ञान या कार्डात उतरलं. 'साउंडफाँट' नावाच्या फाइलमधून तुम्ही स्वतः ध्वनिमुद्रित केलेलं वाद्य त्यात भरू शकत होता. कारखान्यातून पियानो आणि ट्रम्पेट आलं असेल, तुम्ही डग्गा-तबला भरा. पेटी दुसऱ्याची असली तरी आत काय ठेवायचं ते थोडंफार आपल्या हातात आलं.

पण सुराचं काय? इथे सिंगापूरहून थेट सांगलीला जावं लागतं.

कॉम्प्युटर आणि वाद्यं ज्या भाषेत एकमेकांशी बोलतात ती 'मिडी' १९८३ ची. तिच्यात स्वरांना शून्य ते १२७ असे क्रमांक आहेत, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर सप्तकाचे बारा सारखे तुकडे धरले जातात. आपला तंबोरा असं काही धरत नाही. षड्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो. सप्तक म्हणजे १२०० सेंट. कीबोर्डचा गंधार ४०० वर. फरक फक्त १४ सेंटचा, पण तंबोऱ्याबरोबर लावून ठेवा, कान लगेच तक्रार करतो.

हे भांडण कॉम्प्युटरपेक्षा जुनं आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मदतीने स्वरांची मोजमापं घेतली आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. ई. क्लेमेंट्स या आयसीएस अधिकाऱ्याच्या साथीने त्यांनी 'श्रुति-हार्मोनियम'चा घाट घातला. विलायतेची पेटी आली आहे ना, मग तिला आपले सूर शिकवू, असा तो विचार. सगळ्यांना तो पटला नाही. पुढे ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदीच घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. कारण हेच: पेटीला मींड नाही आणि तिचे सूर ठोकळ. दरम्यान महाराष्ट्रात नाटकात, कीर्तनात, भजनात पेटी वाजतच राहिली.

म्हणजे नव्या यंत्रापुढे आपल्या लोकांनी तीन मार्ग धरले: बंदी घाला, आहे तसं वापरा, किंवा देवलांसारखं उघडून सूर बदला. घरच्या स्टुडिओपुढेही हेच तीन मार्ग आहेत. १९९७ मध्ये आलेलं 'ऑटो-ट्यून' नुसतं चालू करून ठेवलं तर गंधार ४०० कडे ओढला जातो आणि मींड पायऱ्यापायऱ्यांची होते. गाणाऱ्याला वाटतं आपणच बेसूर.

सिम यांनी सिंगापुरी स्वभावावर एक गमतीदार निरीक्षण केलं होतं. इथे पाटी असेल तिथेच गाडीला यू-टर्न घेता येतो. इतर अनेक देशांत मनाई नसेल तिथे घेता येतो. परवानगीची पाटी दिसल्याशिवाय वळायचंच नाही, या वृत्तीला त्यांनी 'नो यू-टर्न सिंड्रोम' म्हटलं. सॉफ्टवेअर वापरताना आपण सगळेच असे असतो. सुरांची सेटिंग मेनूत खोल कुठेतरी असते, पाटी नसते, म्हणून कुणी वळत नाही.

या कथेचा शेवटचा अंक पुन्हा सिंगापुरातच घडतो. 'केकवॉक' हे अमेरिकेत १९८७ मध्ये जन्मलेलं सॉफ्टवेअर. तिसेक वर्षांत असंख्य लोकांनी त्यावर गाणी रचली. २०१३ मध्ये ते गिब्सन या गिटार कंपनीने घेतलं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. वापरणारे हवालदिल. फेब्रुवारी २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने ते विकत घेतलं आणि काही आठवड्यांत फुकट देऊ केलं. बँडलॅबचे संस्थापक क्वोक मेंग रू यांनी त्याआधी १९४६ पासून चालत आलेलं स्वी ली हे इथलं वाद्यांचं जुनं दुकान घेतलं होतं. २०२३ मध्ये पुन्हा घोषणा झाली: फुकटचं केकवॉक थांबणार, त्याच्या जागी 'सोनार' येणार. मराठी माणसाला 'सोनारानेच कान टोचावेत' ही म्हण आठवल्याशिवाय राहत नाही! पण मुद्दा हसण्यावारी न्यायचा नाही. एकच सॉफ्टवेअर सहा वर्षांत मेलं, जिवंत झालं आणि पुन्हा बदललं. यात कुणी खलनायक नाही. कंपन्यांचं आयुष्य असंच असतं, गाण्याचं त्याहून मोठं असावं लागतं.

तर मग, काय घ्यायचं?

सॉफ्टवेअर: मॅक असेल तर गॅरेजबँड आधीच आहे. रीपरचा घरगुती परवाना साठ अमेरिकन डॉलरचा, आधी साठ दिवस वापरून बघता येतं. बँडलॅब ब्राउझरमध्ये चालतं. सुरुवातीला यातलं कोणतंही चालेल. फक्त दोन गोष्टी तपासा: साध्या 'वेव्ह' फाइली सहज बाहेर काढता येतात का, आणि स्वर बदलता येतात का. एबलटन लाइव्हच्या बाराव्या आवृत्तीत तशी सोय आहे. 'सर्ज' हा फुकट सिंथेसायझरही वेगळी स्वरमालिका वाचतो.

सामान: दोन माईक लावता येतील असा साधा ऑडिओ इंटरफेस आणि कान झाकणारे हेडफोन. फ्लॅटमध्ये शेजाऱ्याचा टीव्ही, खालची बस, लिफ्टची घंटा सगळं ऐकू येतं, म्हणून नाजूक कंडेन्सरपेक्षा डायनॅमिक माईक जवळ धरून गाणं बरं. कंडेन्सर घेतलाच तर इथल्या दमट हवेत तो कॅमेऱ्यासारखा कोरड्या कपाटात ठेवा. तबल्याची शाईसुद्धा या हवेत कुरकुरते, ते वेगळंच. गाताना स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल तर बफर १२८ वर आणा. ४४,१०० च्या दराने तो उशीर तीनेक मिलिसेकंदांचा होतो. आणि सगळ्यात आधी तंबोरा लावा, मेट्रोनोम नंतर.

शेवटचा नियम मी पैसे मोजून नव्हे, आत्याचे अभंग गमावून शिकलो. ज्या दिवशी रेकॉर्ड कराल, त्याच रात्री प्रत्येक आवाजाची वेगळी वेव्ह फाइल काढा. नावात गाणारा, पट्टी आणि तारीख लिहा. दोन ठिकाणी ठेवा. मिक्सिंग पुढच्या वर्षी केलं तरी चालतं.

आत्या या दिवाळीत पुन्हा येतेय. वय झालंय, काळी चारवरून आता काळी दोनवर आली आहे. ते पहिले अभंग तसे पुन्हा मिळणार नाहीत. पण पंखा बंद करीन, तंबोरा लावीन, आणि रात्री साडेदहाला बिल्डिंग शांत व्हायच्या आत फाइली काढून ठेवीन.